सातव्या ओळीतली फ्रिक्वेन्सी

बाबांकडे आणि माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. ते पनवेलला होते तोवर आम्ही रोज संध्याकाळी सेटवर बोलायचो. निवृत्तीनंतर ते आईबरोबर कोकणातल्या घरी गेले, आणि आता मधे डोंगर आहेत, सेटचा आवाज पोचत नाही.

मागच्या महिन्यात खारघरच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉपला छोटा रिसीव्हर जोडून रेडिओ ऐकायचं सॉफ्टवेअर बसवलं, अँटेना गॅलरीच्या ग्रिलला बांधली आणि स्कॅनची यादी भरायला घेतली; स्कॅन एकेक फ्रिक्वेन्सी तपासत जातो आणि आवाज लागला की तिथे थांबतो. सातव्या ओळीत आमची जुनी फ्रिक्वेन्सी टाकली आणि नावाच्या रकान्यात 'बाबा' लिहिलं.

स्कॅन सारखा त्याच ओळीवर थांबायला लागला. मी हातातली पोळी टाकून धावायची. ऐकू यायची ती लिफ्टच्या मोटरची घरघर.

"ती ओळ स्किप कर ना," नवरा म्हणाला. त्याचं बरोबर होतं, पण मला ते करवेना.

फोन रोज होतो. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "आईकडे देतो" म्हणतात. रेडिओवर मात्र मी 'ओव्हर' म्हणेपर्यंत ते सगळं ऐकून घ्यायचे, मग सावकाश उत्तर द्यायचे.

एकदा फोनवर त्यांना यादीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी सेट घेऊन टेकडीवर जातो. सकाळी आठला ऐक."

रविवारी साडेनऊपर्यंत मी लॅपटॉपसमोरून उठले नाही. शेवटी त्यांचा फोन आला. त्यांना धाप लागली होती.

"पोचला का गं आवाज?"

"नाही, बाबा."

"बरं. पुढच्या रविवारी अजून थोडं वर चढून बघतो."