खालच्या थरातला कोळसा

जबलपूरच्या जमिनीवर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरी तिच्यावरच जीव जडलेला माणूस या शहरात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुणाकडेही गेले की आधी भिंतीवर टकटक करतात, मग नमस्कार. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या आजींना विचारतात, "सत्त्याण्णवच्या भूकंपात तुमची फडताळातली भांडी कोणत्या बाजूला पडली जी?" दुरंगी बर्फीसुद्धा आधी कडेनं न्याहाळतात. थर सरळ दिसले तरच खातात.

नर्मदेच्या कडेनं आमच्याकडे जमिनीत एक जुनी भेग गेली आहे. तिथे पूर्वी मोठे भूकंप केव्हा केव्हा झाले हे कळलं, तर पुढची घरं किती मजबूत हवीत ते सांगता येईल, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी बरगीकडच्या एका शेतकऱ्याच्या वावरात त्यांनी पुरुषभर खोल चर खणवला. भिंतीत मोडून सरकलेले मातीचे थर दिसले. त्या थरात जुन्या कोळशाचा कण मिळाला, की भूकंपाचा काळ काढता येतो. पण कण मिळेना, आणि मटार पेरायच्या आत चर बुजवायचा शब्द दिलेला.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून रविवारी आम्ही तिथेच गक्कड-भरता केला. कणकेचे गोळे आणि लसूण खोचलेली वांगी मी स्वतः विस्तवावर भाजली, चराच्या अगदी काठावर. सोमवारी त्यांचा फोन आला, "सापडला! खालच्या थरात! चार कण!"

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. शेवटी गेलो. "भाऊजी, तो कोळसा आपल्या वांग्यांचा असेल. उरलेले निखारे मी चराच्या भिंतीवरूनच खाली लोटले."

त्यांनी कणांची पुडी उघडून हुंगली. "लसणाचा वास येऊन राहिला." मग खोकला लागेपर्यंत हसले. "तपासायला पाठवला असता, तर भूकंप गेल्या रविवारी झाला असं उत्तर आलं असतं!" हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "भिंत हातभर आत तासली असती तर खरा मिळाला असता. पण गुडघे आता उतरू देत नाहीत मला."

चर बुजायच्या आदल्या दिवशी मी उतरलो. ते काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत. "हळू जी! खुरपं काहून इतकं दाबून राहिले?" संध्याकाळपर्यंत तासलं. काही मिळालं नाही.

आता दर हिवाळ्यात तो शेतकरी मटारच्या शेंगा पाठवतो. साडू सोलायला बसतात आणि एखादी शेंग हातात धरून थबकतात. "याच्या खालीच आहे तो. पाचच हात."

मी सोलत राहतो. खुरप्याला धार लावून ठेवली आहे, एवढं मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.