पंधरा दिवस मशीनला हात नाही

जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर मराठी टायपिंगचा वर्ग होता. सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीतून तिथे जाणारी मी पहिली मुलगी. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या खेपेसाठी रोज दोन-दोन तास मशीन बडवून उजवं मनगट सुजलं, आणि चुका कमी व्हायच्या सोडून वाढतच चालल्या.

एक दिवस मास्तरांनी माझा कागद मशीनमधून ओढून काढला. नुसत्या लाल खुणा.

"पंधरा दिवस मशीनला हात लावू नको," ते म्हणाले.

"सर, परीक्षेला दोनच महिने राह्यले."

"म्हणूनच म्हणतो. तुझा हात आता शिकून न्हाई राह्यला, चुकाच पाठ करून राह्यला. त्याला बिलकुल आराम दे."

घरी येऊन सांगितलं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पोरगी ऑफिसात लागणार, हे त्यांनी आधीच साऱ्या वस्तीला सांगून ठेवलेलं. सदरा खुंटीला लावत ते म्हणाले, "मंग सोडलं म्हण की सरळ."

"सोडलं न्हाई, बाबा. थांबले."

"त्यात फरक काय?"

हा फरक सांगता सांगता माझं तोंड दुखलं. शेजारची मावशी तर दुसऱ्याच दिवशी वडीगोद्रीचं स्थळ घेऊन आली. "आता रिकामीच हायस की," म्हणाली. आईला वाटलं, पोरीचे हात मोकळे झाले. तिनं आडाचं पाणी, धुणं, दोन्ही वेळच्या भाकरी माझ्याकडे दिल्या. मनगट दाखवलं तर म्हणाली, "भाकरी थापायला कुठं स्पीड लागते?" तिचंही खरं होतं, ती कित्येक वर्षं एकटीच करत होती. पण चौथ्या दिवशी मनगट आधीपेक्षा जास्त ठणकायला लागलं. माझं डोकं फिरलं. चपला घातल्या आणि वर्गात जाऊन बसले.

"तुला सांगितल्तं ना?" मास्तर चिडले.

"सर, घरी आराम न्हाई भेटत. इथं नुसती बसते."

मास्तरांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. मग रोज ते दोन तास मी तिथे बसून दुसऱ्यांना उतारे वाचून द्यायचे. समोरच्या मशीनवर कुणी चुकलं की माझी बोटं शिवशिवायची. पाहून पाहून एक गोष्ट लक्षात आली. ज्यांचा हात चांगला होता, ते जोडाक्षर आलं की जराशी गती कमी करायचे. मी नेमकी तिथेच घाई करत होते. मला माझाच राग आला.

पंधरा दिवसांनी मशीनवर बसले तेव्हा वेग अठरावर आलेला. रडायलाच येत होतं. मास्तर म्हणाले, "चुका मोज." चारच होत्या.

तिसऱ्या खेपेला पास झाले, काठावर. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. ज्याला त्याला सांगायचे, "पोरीनं एक दिवस खाडा न्हाई केला."

"पंधरा दिवस मशीनला हात लावला नव्हता," मी सगळ्यांसमोर म्हणाले. वडिलांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मावशीसमोर पेढ्यांचा पुडा धरला.