केक नको म्हणणारा कीथ

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातल्या एका विमा कंपनीत कीथ बार्लो नऊ वर्षं कंत्राटावर संगणकाचं काम करत होता. कंपनीचं खाल्लं-प्यायलं म्हणून करखात्याने आपल्याला तिथला नोकर ठरवलं, तर मागचा सगळा जादा कर भरता भरता मेलोच, या धास्तीने तो तिथला चहासुद्धा प्यायचा नाही. घरून थर्मास आणायचा.

"वाढदिवस आहे माझा, केक तरी खा मेल्या!" विभागप्रमुख मॉरीन सुरुवातीला म्हणायची. "करवाले काय तुझ्या तोंडाचा वास घेणार आहेत?"

"घेतील. तू त्यांना ओळखत नाहीस."

सगळे फिदीफिदी हसायचे. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं.

आणि एका सोमवारी करखात्याची बाई खरोखरच दारात उभी राहिली. तिने कीथकडे बोट दाखवून मॉरीनला विचारलं, "हे तुमच्यातलेच ना?"

कीथने थर्मास टेबलावर पुढे सरकवला. मॉरीनने आधी थर्मासकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हा? छे हो! नऊ वर्षं शेजारी बसतोय, पण आमच्यातला कधी झालाच नाही."

बाईने वही मिटली. कीथ सुटला.

दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला. कीथने आज थर्मास उघडला नाही, तो वाट बघत बसला. ताटली सवयीने त्याच्या टेबलाला वळसा घालून पुढे गेली.