मनीषाची स्वच्छ बोटं

मनीषाच्या नंबरवरून फोन आला म्हणून मी हसतच उचलला. पलीकडे तिचे मिस्टर होते. ताई, मनीषा गेली, एवढंच आधी म्हणाले. दोन दिवस उलट्या होत होत्या, ऊन लागलं असं सगळ्यांना वाटलं, हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. आम्हा मधुमेही माणसांच्या तोंडी अशा वेळी एकच प्रश्न येतो, तो माझ्याही तोंडून निघून गेला. "शुगर किती होती?"

ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

महिना झाला, मी अजून त्या वाक्यापाशीच उभी आहे. त्या फोनआधी नऊच दिवस आम्ही देवळाली कॅम्पला दिवसभर एकत्र होतो. मधुमेही मुलांच्या उन्हाळी शिबिराला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्हा पहिल्या तुकडीचा मेळावा होता. त्या पहिल्या शिबिरात मी अकरा वर्षांची, ती येवल्याहून आलेली, दहाची. मी सुई पाहून भोकाड पसरलं, तर ही म्हणाली, "घोडीएवढी झाली आन रडती काय?" आणि माझा हात धरून तिनेच मला टोचायला शिकवलं. तिथे एक नियम होता. जेवणाआधी जोडीदाराला बोटं दाखवायची. रक्त तपासायला टोचून टोचून बोटांच्या कडांना काळे ठिपके पडतात. एकीने तपासायचा आळस केला, की तपासून होईपर्यंत दोघींचीही ताटं थांबायची. आम्ही दोघी जोडीदार होतो.

पुढे तिचं लग्न ठरलं. मुलगा इंदिरानगरचा, माणसं चांगली. हळदीच्या दिवशी तिच्या आईने मला बाजूला घेऊन विनवलं, की आजाराचं मांडवात कुणापाशी बोलू नकोस, पोरगी सावकाश सांगेल. मी बोलले नाही. नंतर दर भेटीत विचारायचे, घरी सांगितलंस ना? मेळाव्यातही विचारलं. "सांगितलं की कवाच. तू लय काळजी करती." मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं माझ्या सोयीचं होतं.

दुपारी पानं वाढल्यावर कुणीतरी जुनी आरोळी दिली, बोटं दाखवा! पस्तिशीला आलेली आम्ही सगळी हसत हात पुढे करू लागलो. मनीषाची बोटं स्वच्छ होती. एकही ठिपका नाही. बाहेरच्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. मला वाटलं, हिने बोट न टोचता साखर सांगणारं, दंडावर चिकटवायचं ते नवं सेन्सर घेतलेलं दिसतंय. "श्रीमंत झालीस गं," मी चिडवलं. ती हसली... आणि आम्ही जेवायला बसलो.

परवा तिच्या घरी गेले. तिच्या मिस्टरांना ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्यात इन्सुलिन टोचायचं पेन सापडलं होतं. रक्त तपासायचं यंत्र घरात नव्हतंच. ती नुसत्या अंदाजाने घेत होती. मला तिचा राग येतो, अजूनही येतो. त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं आणि खाली बघत म्हणाले, "ती पडून होती तेव्हा मी दर तासाला ग्लुकोजचं पाणी पाजत होतो. नको नको म्हणत होती, तरी रागावून पाजलं. ताई, त्यानं काही झालं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं मी सोपं तेच केलं होतं. मी म्हटलं, त्रास वाढला असेल. पण तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं, लग्नाच्या आधीपासून.

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी माहीत आहे, तुम्हाला हे आहे ते?"

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

ते उठले, पेन उचललं, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज उघडून ते दारातल्या कप्प्यात सगळ्यांना दिसेल असं उभं ठेवलं. उन्हाळ्यात ते गारव्याला ठेवावं लागतं, असं त्यांना हॉस्पिटलात कुणीतरी सांगितलं होतं.