सगळ्या शाळांना तीन

जिल्हा शिक्षण कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक गृहस्थ बसतात. दारावरच्या पाटीवर त्यांचा हुद्दा चांगला दोन ओळींचा आहे, पण तो शेवटपर्यंत वाचायला कुणी थांबत नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना सरासरीकाका म्हणतात. घरी बायकोने "भाजी कशी झालीय?" विचारलं की काका घास नीट चावून म्हणतात, "तीन." कितीपैकी, असं तिने बारा वर्षांपूर्वी एकदाच विचारलं होतं. चारपैकी, हे कळल्यावर तिचा उत्साह संपला.

बारा वर्षांपूर्वीच काकांकडे हे काम आलं. जिल्ह्यात एकेचाळीस शाळा. अभ्यासक्रम आपल्याकडे किती रुजला, हे दर वर्षअखेरीला शाळेनं स्वतःच ठरवायचं आणि तक्त्यात आकडा घालायचा. एक म्हणजे सुरुवात नाही, दोन म्हणजे सुरुवात झाली, तीन म्हणजे बऱ्यापैकी रुजला, चार म्हणजे पूर्ण रुजला. काकांनी सगळे तक्ते गोळा करायचे, सरासरी काढायची आणि वरच्या कार्यालयाला धाडायची. कुठेही जा, पळसाला पाने तीन. तसा कुठल्याही शाळेचा तक्ता उघडा, आकडा तीन. एका मुरलेल्या मुख्याध्यापकांनी याचं इंगित काकांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "काका, चार लिहिलं की बघायला माणसं येतात. दोन लिहिलं की शिकवायला माणसं येतात. तीन लिहिलं की कुणी येत नाही."

काकांचीही तक्रार नव्हती. त्यांचा अहवाल बारा वर्षांत वरून एकदाही परत आला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत असत, म्हणजे दिवसातून दोनदाच सांगत.

दोन वर्षांपूर्वी गणिताचा नवा अभ्यासक्रम आला. मुलांनी हाताळून शिकायचं, म्हणून प्रत्येक शाळेला एक निळी पत्र्याची पेटी मिळाली. आत तराजू, मोजपट्ट्या, अपूर्णांकाच्या चकत्या. पेटी कशी वापरायची हे शिकवायला एक प्रशिक्षक बाई महिन्यातून एकदा, बोलावतील त्या शाळेत जात. आणि या वर्षी वरून पत्र आलं, की जिल्ह्याची सरासरी अडीचच्या वर गेली तर बाईंचं काम झालं असं समजून त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्यात येईल.

चाळीस तक्ते आले. चाळीस तीन. एकेचाळिसावा कालव्यापलीकडच्या लहान शाळेचा होता आणि त्यात चक्क एक होता. खाली मुख्याध्यापिकेची सही. सही काकांच्या धाकट्या सख्ख्या बहिणीची.

काकांनी फोन लावला. "काय गं, पेन पुढे चाललं नाही का?"

"चाललं की दादा. एकावर येऊन थांबलं."

"अगं, सगळ्यांना तीन आणि तुला एक. बरं दिसतं का? साहेब मला विचारतील."

"मग सांग त्यांना, बहिणीला झुकतं माप दिलं नाही म्हणून. तुझंच नाव होईल."

"दोन तरी लिही. माझ्यासाठी."

"दादा, मला बाई हव्यात. माझ्या चौघी शिक्षिकांची अपूर्णांकाशी आत्ता कुठे बोलचाल सुरू झालीय. सगळ्यांनी मिळून तीन-तीन लिहायचं आणि मी बाईंना निरोपाचा गुच्छ द्यायचा, होय? तू येऊन बघ. बारा वर्षांत आलास कधी?"

"परवाच तर आलो होतो!"

"घरी. जेवायला."

 दुसऱ्या दिवशी काका बसने कालव्यापलीकडे गेले.

शाळेतली पेटी बघून त्यांना आधी वाईटच वाटलं. झाकण बिजागरीतून निखळलेलं, तराजूची एक दोरी बुटाच्या नाडीने बदललेली, चकत्या कळकट. एक मुलगी अर्ध्या चकतीवर पाव-पाव ठेवून बघत होती. तिच्या शिक्षिकेने भिंतीवरची वही काढून त्यात काहीतरी लिहिलं.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"आम्हाला न आलेले प्रश्न," बहीण म्हणाली. "बाई आल्या की विचारायचे. सतरा झालेत."

"मग सुरुवात झालीच की! दोन तरी..."

"दादा, सुरुवात कशाला म्हणतात हे आम्हाला या महिन्यात कळलं. मग एकच लिहिला."

परतताना काका त्या मुरलेल्या मुख्याध्यापकांच्या शाळेत डोकावले. त्यांची पेटी त्यांच्याच खोलीत, खिडकीखाली होती. वर झाडाची कुंडी. झाकणावरची लाल फीत जशीच्या तशी.

"पेटी वापरता ना?"

"रोज!" म्हणत मुख्याध्यापकांनी कुंडीला पाणी घातलं.

"पण फीत?"

"ती साहेब कापणार ना! उद्घाटनाची आहे. आम्ही बोलावणं केव्हाच पाठवलंय."

काकांनी वाकून फीत पाहिली. फीत कारखान्यातून आली होती, प्रवासात झाकण उघडू नये म्हणून.

कार्यालयात येऊन त्यांनी सगळ्या शाळांना दोन ओळींचं पत्र धाडलं. पेटीची लाल फीत कोणत्या तारखेला कापली ते लिहावे, आणि तक्ता पुन्हा भरून पाठवावा. दोन दिवस फोन थांबेना. "काका, फीत म्हणजे कुठली?" "काका, अंदाजे तारीख चालेल का?" "काका, उद्या कापली तर?" शेवटी सव्वीस शाळांनी तारखेच्या जागी रेघ मारली. तारखेशेजारी तीन लिहायला हात धजतो, रेघेशेजारी धजत नाही. आकडे शाळांनी आपणहूनच उतरवले आणि सरासरी पावणेदोनच्याही खाली आली.

साहेब भडकले. "बारा वर्षं काही झालं नाही आणि आताच काय अंगात आलं तुमच्या? ते जुने तक्ते पाठवा!"

काकांनी साहेबांच्याच टेबलावरच्या गठ्ठ्यातून नऊ पत्रं काढून समोर ठेवली. नऊ शाळांची, नऊ उद्घाटनांची बोलावणी. सगळ्यांत जुनं दोन वर्षांपूर्वीचं.

साहेबांनी ती वाचली. मग चष्मा पुसला. मग पुन्हा वाचली. "नवेच पाठवा," ते म्हणाले.

अहवाल गेला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा परत आला. वर शेरा होता: "सरासरी घटण्याचे कारण द्यावे. प्रशिक्षक तूर्त ठेवाव्यात." शेऱ्याचा दुसरा भाग काकांनी बहिणीला फोनवर वाचून दाखवला. पहिल्या भागाने दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं होतं. संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं: "पेट्या उघडल्या."

घरी जेवताना बायकोने सवयीने विचारलं, "भाजी?"

काकांनी घास चावला. थांबले. "मीठ कमी आहे."

"अगं बाई," ती मिठाची बरणी पुढे सरकवत म्हणाली, "बारा वर्षं कमीच असतं."