चार ते साडेचार मोकळं

श्रीकांतदादांचा फोन आला तेव्हा मी आइंडहोवनला ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फोन कापला आणि ‘नंतर करतो’ असा तयार मेसेज टाकून दिला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. ‘वसुधा सकाळी गेली.’ त्या दिवशी बुधवार होता. ताईंची आणि माझी भेट ठरली होती पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, तीन ते साडेतीन...

वसुधाताई नवऱ्याच्या, म्हणजे श्रीकांतदादांच्या, नोकरीमागे पुण्याहून हॉलंडला आल्या, जिद्दीनं डच शिकल्या आणि द हेगला सरकारच्या व्यापार खात्यात भारताचं काम बघू लागल्या. मी नोकरी सोडून शीतगृहांसाठी सेन्सर बनवायला घेतले तेव्हा त्यांची ओळख झाली. कंपनी म्हणजे मी आणि माझा भागीदार. माल भारतात विकायचा, पण कुणाला, काही पत्ता नाही. मी त्यांना विचारलं, आमच्यासारख्या चिल्लर कंपनीसाठी डच दूतावास कशाला हलेल? त्या खळखळून हसल्या. “अरे, आपला देश मोठा, गिऱ्हाईक घरातच सापडतं. यांचा देश केवढासा! बाहेर नेऊन विकल्याशिवाय यांचं भागतच नाही. इथला राजदूत वेळ पडली तर टोमॅटोचं बीसुद्धा विकेल, आणि त्यात त्याला जराही कमीपणा वाटणार नाही.” त्यांनी दिल्लीच्या दूतावासाला लिहिलं, मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या माणसाच्या मागे लागल्या आणि थोड्याच दिवसांत माझ्या हातात नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांची यादी ठेवली. त्यातल्या प्रत्येकाला त्यांनी आधी स्वतः फोन केला होता. “मेलला उत्तर नाही देत आपली माणसं. त्यांना आवाज ऐकू दे.”

मग आमचं व्यापारी शिष्टमंडळ पुण्याला निघालं. वेळापत्रक अगदी डच पद्धतीचं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी, एकीला लागून दुसरी. फक्त चार ते साडेचार रोज रिकामं. दूतावासाचा अधिकारी वैतागला, ही जागा कुणाची? ताई शांतपणे म्हणाल्या, “न विचारता येणाऱ्याची.” त्यानं खांदे उडवले. दुसऱ्याच दिवशी सव्वाचारला निफाडचा एक शीतगृहवाला द्राक्षांची पेटी घेऊन हॉटेलात हजर! “मॅडम म्हणाल्या होत्या, जमेल तेव्हा या. आज जमलं.” तोच माझं पहिलं गिऱ्हाईक. ताईंनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या आणि पेटीतली द्राक्षं त्या अधिकाऱ्यापुढे केली.

द हेगला त्यांच्या घरीही हाच नियम होता. संध्याकाळी चारला चहाचं आधण चढायचं, कोणी येवो न येवो. मला कितीदा म्हणाल्या असतील, “येत जा रे, विचारतोस काय?” पण मी एव्हाना पक्का इथला झालो होतो. इथे सख्ख्या भावाकडे जायचं तरी डायरी उघडतात. ताई आजारी पडल्या, उपचार थांबवून डॉक्टरांनी घरी पाठवलं, तेव्हासुद्धा मी शहाण्यानं काय करावं? कॅलेंडर उघडून तीन आठवड्यांनंतरची वेळ पाठवली. त्यांचा फोन आला, आवाज अगदी खोल गेलेला. “अर्धाच तास? मला शिष्टमंडळात घातलंस की काय?” मी हसलो. त्याही हसल्या. आणि ती वेळ मी तशीच राहू दिली... लाज वाटते आता लिहिताना.

अंत्यसंस्कारालाही वेळ ठरवूनच दिलेली होती. हॉलमध्ये तेवढ्यापुरतं बसायचं, मग शेजारच्या खोलीत कॉफी. श्रीकांतदादा बोलता बोलता अडकले, पुढचं वाक्य काही केल्या येईना. दाराशी उभ्या हॉलच्या बाईंनी हळूच घड्याळ पाहिलं. बाहेर दुसऱ्या घरची माणसं ताटकळत होती. आम्ही उठलो. मी दादांचा हात धरला, त्यापलीकडे काही करता आलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो, न विचारता. दादांनी चहा ठेवला आणि ताईंची कागदी डायरी पुढ्यात आणून दिली. पानोपानी पेन्सिलीनं आखलेला तोच चौकोन, चार ते साडेचार. शेवटच्या पानांवर रेघा पार वाकड्या झालेल्या, पण चौकोन रोजचा. दादा म्हणाले, “रोज चारला मला केस विंचरायला लावायची. पाठीशी उशी लावून बसायची. म्हणायची, कोणी आलं तर? साडेचारला परत आडवी व्हायची.”

मी पानं मागे उलटत गेलो. त्या जायच्या आधीच्या आठवड्यातला मंगळवार सापडला. चौकोन कोरा होता. त्या दिवशी मी कामासाठी द हेगला होतो. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी स्टेशनवरून घेतलेली भाड्याची सायकल थांबवून उभा राहिलो, ठरलेलं नाही, झोपल्या असतील, असं मनाशी म्हटलं आणि स्टेशनकडे वळलो. दादांना हे मी अजून सांगितलेलं नाही.