सशाच्या यकृताचा आकडा

मामांच्या पोटात दुखायला लागलं ते नवी चष्मेवाली पोर नोकरीला लागली त्या दिवसापासून. तोवर प्रयोगशाळेत बर्फाच्या ट्रेसमोर एकच स्टूल होतं आणि ते मामांचं होतं. आता दोन झाली, आणि दुसऱ्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी चक्क गादी ठेवली. बावीस वर्षांत मामांच्या बुडाखाली कुणी गादी सरकवली नव्हती!

पांढऱ्या उंदराचं यकृत काढून बर्फात टाकायचं, काचेच्या नळीत घोटायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून एन्झाइमवाला गाळ वेगळा करायचा, हे मामांचं काम. एन्झाइम मोठं नाजूक. जरा ऊब लागली की मान टाकतं. मामा वीस आकडे मोजायच्या आत यकृत बर्फात पोचवायचे. हजारो उंदीर त्या हातांखालून गेले. संशोधनाचा लेख छापून आला की मामा कुठं? तर शेवटी, आभारांच्या बारीक अक्षरांत.

आता मॅडमना तुलना करायची होती. कोलेस्टेरॉलचं पित्त बनवणारं एन्झाइम यकृतातच काम करतं. आतड्यात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत कोलेस्टेरॉलचे कारभारी वेगळे. पण यकृतातही जनावरागणिक फरक. उंदराला कोलेस्टेरॉल चारा, तो त्याचं पित्त करून मोकळा होतो. सशाला तेवढं जमत नाही, त्याचं रक्त दुधासारखं गढूळ होतं. सशात हे एन्झाइम कमी असणार, असा मॅडमचा अंदाज होता.

"दोघंही तीन-तीन ससे करा," त्या म्हणाल्या. "ज्याचा एन्झाइमचा आकडा लेखात जाईल, त्याचं नाव लेखकांत."

लेखकांत! मामांना जेवण गोड लागेना.

"अहो, त्या पोरीला पाण्यात पाहताय तुम्ही," बायको म्हणाली.

"मी कशाला पाहू? काल आलेली पोर ती. हात बघ तिचे, थरथरतात."

"मी कुठून बघू? मी काय ससा आहे?"

पहिले दोन ससे मामांनी जपून केले. शेजारी चष्मेवाली दर सशापाशी खोळंबत होती, आधी काहीतरी चिमट्यात धरत होती, दुप्पट वेळ लावत होती. मामांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बघ म्हणावं म्हातारा काय चीज आहे, म्हणून तिसऱ्या सशाला हात सैल सोडला. तो हात घडलेला उंदरांवर. उंदराला पित्ताशय नसतं, सशाला असतं. कात्री सवयीनं यकृताखाली शिरली आणि हिरवं पित्त सगळीकडे पसरलं.

मामांनी यकृत तीनदा गार पाण्यात खळबळलं. पित्त असतं साबणासारखं, ते एन्झाइमचा निकाल लावतं, हे त्यांना ठाऊक होतं. तिन्ही यकृतं एकत्र घोटायची पद्धत होती. हे फेकायचं तर सांगावं लागणार, आणि तेही तिच्यासमोर. मामांनी ते गुपचूप बाकीच्या दोघांत टाकलं.

चार दिवसांनी आकडे आले. तिचा उंदराच्या निम्मा, मामांचा जवळजवळ शून्य. मॅडम खूश. "कमी असेल म्हटलं होतं, पण इतकं कमी! मामांचा हात बावीस वर्षांत चुकला नाही. तुझंच काहीतरी बिनसलंय गं." चष्मेवालीचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगा, मामांना बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटलं.

संध्याकाळी ती त्यांच्या स्टुलापाशी आली. "मामा, माझं कुठं चुकलं तेच कळत नाही. उद्या एक ससा माझ्यासमोर कराल?"

नाही म्हणायला कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी मामांनी सशाचं यकृत उचललं, तर खालून पित्ताची हिरवी पिशवी दिसली. त्याबरोबर तिचा चिमटा पुढं आला आणि पिशवीचं तोंड अलगद धरून थांबला. हात मुळीच थरथरत नव्हता.

"हे तू दरवेळी आधी काढतेस?" मामांनी विचारलं.

"हो." तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि घाबरून चिमटा मागं घेतला. "का? नसतं का काढायचं? मग इथंच चुकलं असेल माझं. नाही काढणार यापुढं."

आता नुसतं गप्प बसलं, की नाव लेखकांत. आणि ही पोर जन्मभर पित्तासकट यकृतं घोटणार, मामांनी शिकवलं म्हणून.

"काढायचं असतं," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. माझं फुटलं. जा, मॅडमना बोलावून आण."

लेख आला तेव्हा चष्मेवालीचं नाव लेखकांत तिसरं होतं. मामा होते आभारांत. जळफळाट गेला म्हणाल, तर अजिबात नाही. ते नाव त्यांनी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा ते डोळ्यांत सललं. तरी प्रत घरी नेली.

"तुम्ही कुठं आहात यात?" बायकोनं विचारलं.

मामांनी तक्त्याखालच्या टिपेवर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, 'पित्त मिसळल्याने एक नमुना वगळला आहे.'

"अहो, इथं नाव कुठाय?"

"नसू दे," मामा म्हणाले. "ही ओळ तिची नाही."